दहा वाजता रांगणारं मशीन

माझा कॉम्प्युटर सकाळी आठला पळायचा आणि दहा वाजले की रांगायला लागायचा. रांगायचा म्हणजे कसा, तर मी टाकीच्या ड्रॉइंगमधला एक पाइप उचलून दोन इंच डावीकडे ठेवायला सांगावं आणि त्याने आधी विचार करावा, मग अख्खा पडदा फिका पाडावा, मग ते निळं चक्र गरागरा फिरवत मला बसवून ठेवावं. तेवढ्यात मी चहा करून, पिऊन, कप विसळून परत यायची. पाइप तसाच अधांतरी.

माझं माहेर केळवे-माहीमचं, पानवेलींच्या वाडीतलं. सासर सातपाटीचं, बंदराच्या तोंडाशी. घरातून चार पावलं टाकली की पाय वाळूत. लग्नाआधी मी बोईसरला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत चिरागभाईंचा टाक्या बनवायचा कारखाना आहे, त्यांच्यासाठी मी घरी बसून ड्रॉइंग काढते. नवरा, विपुल, तिकडेच दुसऱ्या एका कंपनीत शिफ्टमध्ये असतो. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो आणि जागा असतो तेव्हा कंपनीत असतो, त्यामुळे या गोष्टीत तो फारसा येणार नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये.

येतात ते माझे सासरे. बळवंत त्यांचं नाव, मी त्यांना बाबा म्हणते. उभा जन्म घरच्या बोटीच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून काढला. गेल्या वर्षी बोटीवरून धक्क्यावर उतरताना त्यांना चक्कर आली आणि ते पडले. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी दर्या बंद केला आणि वर सांगितलं की यांना दिवसभर एकटं ठेवू नका. म्हणून मी घरून काम करायचं ठरलं, म्हणून हा कॉम्प्युटर घरात आला. तो नीट चालला तर मी घरात, मी घरात तर बाबा घरात. सगळी भिस्त त्या काळ्या डब्यावर होती आणि डबा रांगत होता.

उपाय मी थोडे केले नाहीत. नको ती सॉफ्टवेअर काढली. अँटिव्हायरस बदलला. विपुलच्या मित्रांच्या लग्नांचे व्हिडिओ पुसले, त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. बोईसरला दुकान चालवणारा मनीष माझ्या कोर्समधला, तो तिथूनच नेटवरून माझ्या पडद्यात शिरायचा, बाण इकडेतिकडे फिरवायचा आणि म्हणायचा, "दीपा, मला तर सगळं ओके दिसतंय." सकाळी नऊला शिरलास तर ओकेच दिसणार. शेवटी तो म्हणाला, फॉरमॅट मार. म्हणजे सगळं धुऊनपुसून पहिल्यापासून मांड. एक आख्खा दिवस त्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन असं पळालं की मी देवापुढे साखर ठेवली. सव्वादहाला पुन्हा चक्र. त्या दिवशी मी टेबलावर डोकं टेकून रडले, सांगायला लाज कसली.

या सगळ्यात बाबा दिवसातून दोन-तीनदा दाराशी येऊन उभे राहायचे. "आज कशी हाय?" यंत्र कुठलंही असो, बाबांच्या तोंडी ते बाईमाणूसच.

"अडकतेय, बाबा."

"वारा चढला की अडकते, बग. सकाळी वारा कमी असतो तवा बरी असते. खारी हवा जाते तिच्या पोटात."

"तसं नसतं हो बाबा," असं मी पडद्यावरची नजर न काढता म्हणायची. कसं असतं ते मलाही माहीत नव्हतं, पण तसं नसतं एवढं माझं शिक्षण मला सांगत होतं. बाबा मान हलवायचे, लहान पोराच्या बोलण्याला हलवावी तशी, आणि निघून जायचे.

मग शुक्रवारी चिरागभाईंचा फोन आला. माणूस भला आहे, आवाज कधी चढवत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते. म्हणाले, "दीपाबेन, सोमवारी सकाळी मला पूर्ण ड्रॉइंग पाहिजे. पत्रा येऊन पडलाय, माणसं बसून आहेत. घरी जमत नसेल तर माझ्या ऑफिसात चांगली मशीन रिकामी आहे. सोमवारपासून इथे येऊन बसा, माझं काही म्हणणं नाही."

म्हणणं माझ्या मोठ्या दिरांचं होतं. प्रदीपदादा बोईसरजवळ सरावलीला राहतात, तिसऱ्या मजल्यावर. त्यांना विपुलने रात्री फोन केला आणि त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "दीपा हपिसात जानार तर बाबांना मी नेतो. रविवारी येतो न्यायला." मनाने चांगले आहेत दादा, बाबांना फुलासारखं जपतील. पण जो माणूस उठल्यावर आधी दर्या बघतो आणि मग तोंड धुतो, त्याला सरावलीच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून काय दिसणार, तर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. बाबांनी सगळं ऐकलं आणि ते दर्याकडे तोंड करून पडवीत जाऊन बसले. 

शनिवारी दुपारी मी हट्टाने ड्रॉइंगला बसले. दोन रेघा ओढल्या की चक्र, दोन रेघा की चक्र. आणि वंगणाचा वास. तो वास आमच्या घराला नवा नाही, बाबांच्या सदऱ्याला, रुमालाला, उशीलासुद्धा तो येतो, म्हणून मी इतके दिवस तिकडे लक्ष दिलं नव्हतं. पण बाबा तर जेवून बंदरावर गेले होते आणि वास आधीपेक्षा उग्र झाला होता. गरम तव्यावर तेल राहून जावं तसा. मी खाली वाकले, टेबलाखालच्या डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. इस्त्री बरी.

मी बटण बंद केलं आणि डबा ओढून त्याची भिंतीकडची पाठ माझ्याकडे फिरवली.

मागे जाळी असते, पंख्याची गरम हवा बाहेर टाकायला. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर ग्रीसचा थर, त्यावर गोणपाटाची घडी, तिच्यावर पुन्हा ग्रीस, आणि सगळ्यावरून सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलेलं. बाजूच्या भोकांचीही तीच गत. वायरी जायला तेवढ्या बारीक चिरा, आणि अख्ख्या प्रकरणाला जाळ्याच्या दोऱ्याने अशी आवळबांधणी की नख शिरू नये. मुंगी आत गेली असती तर गुदमरून मेली असती.

ती बांधणी मी ओळखली. पावसाळ्यात आमच्याकडे मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी वर ओढतात आणि झावळ्या-ताडपत्रीने झाकून टाकतात. त्याला शाकारणं म्हणतात. लहान बोटींची इंजिनं काढून घरी आणतात, डिझेलने धुतात, अंगभर ग्रीस चोपडतात आणि सगळी तोंडं गोणपाटाने बंद करतात. खारा वारा लागू नये म्हणून. नारळीपौर्णिमेपर्यंत ते इंजिन पडवीत तसं बसून असतं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात अशा एका इंजिनावर मी ओली चादर वाळत घातली होती आणि बाबांनी ती उचलून दोरीवर टाकली होती. आता बोट विकली, इंजिन गेलं, पावसाळा मात्र आला. मग बाबांनी घरात जे एकुलतं एक यंत्र होतं ते शाकारलं होतं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी इतके दिवस पडद्याच्या आत रोग शोधत होते. आणि मनीषही.

मला राग आला. उगाच कशाला सोवळं दाखवू, चांगलाच आला. माझी नोकरी, माझी झोप, विपुलशी दोन दिवसांचा अबोला, सगळं त्या रबराखाली गुंडाळलेलं मला दिसलं. मी दोरा कापला, ते काळं मिट्ट गोणपाट हातात घेतलं आणि तशीच चालत बंदरावर गेले.

बाबा शाकारलेल्या बोटींच्या रांगेत एका ओंडक्यावर बसले होते. माझ्या हातातलं त्यांनी लांबूनच पाहिलं.

"काढलंस? वारा हाय अजून."

"हे कोणी बांधलं, बाबा?"

"मीच. दुसरा कोन बांधनार?" यात अपराध कुठेच नव्हता, उलट थोडी ऐट होती. "तू म्हायेरी गेलीस तवा नुसता ग्रीस लावला व्हता. मंग तू म्हनालीस अडकते, तवा गोनपाट घातला. तरी अडकत व्हती. त्या दिवशी तू टेबलावर डोकं ठेवून रडत व्हतीस, दुपारी बाजारात गेलीस, तवा रबर लावला. आता वारा जात नाय आत. तरी का अडकते तेच कळत नाय मला."

 मी जितकी कुरकुरत होते तितके हे थर चढवत होते. माझ्या प्रत्येक तक्रारीला या माणसाने एक एक थर दिला होता. राग गेला असं नाही म्हणणार, पण त्याची धार गेली.

मी त्यांच्या शेजारी बसले. "बाबा, इंजिन चालू असताना त्याच्या तोंडाला गोणपाट बांधाल का?"

"चालू इंजिन कोन शाकारतं? तापून बसंल ते."  माझ्याकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं. "पन हिला धूर कुठं हाय? धूर नाय, पान्याचा पाइप नाय, आवाज नाय. मला वाटलं हिला श्वास लागतच नाय."

"लागतो. आत पंखा आहे. मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतो. टाकता आली नाही की मशीन तापतं, आणि तापलं की जळू नये म्हणून स्वतःच हळू चालतं. सकाळी थंड असतं म्हणून पळतं. वाऱ्याचा काही संबंध नाही."

बाबांनी ते गोणपाट माझ्या हातातून घेतलं आणि मांडीवर ठेवून त्यावरून अंगठा फिरवत राहिले. धोतर खराब होतंय याचंही भान नव्हतं. आयुष्यभर ज्यांच्या स्वतःच्या चुकीने इंजिन कधी बंद पडलं नाही त्यांना हे ऐकवायला माझ्या जिवावर आलं होतं, पण दुसरं काही सांगणं खोटं झालं असतं.

"माझ्या बोटीवर खलाश्यानं असं केलं असतं," ते म्हणाले, "तर त्याला मी पुढच्या बंदरात उतरवला असता."

"बाबा."

"उद्या प्रदीप येतोय. पिशवी भरून ठेवलीय मी सकाळीच. तू हपिसात जा. चांगली मशीन हाय तिथं."

सकाळीच भरली होती, म्हणजे यातलं काही कळण्याच्या आधी. आपला उपाय लागू पडला नाही, तर पोरीच्या पायात आपण अडकू नये, एवढाच हिशोब. मला रडू आलं आणि रडू आलं की मी खेकसते. "ते उद्याचं उद्या. तुमी चढवलंय ते आधी उतरवून द्या मला. माझ्याने ते ग्रीस निघायचं नाही."

संध्याकाळी त्यांनी डबा पडवीत जुन्या चादरीवर घेतला. डिझेल आणायला निघाले होते, त्यांना मी अडवलं. मग कोरडं फडकं, बांबूची पातळ चोय, माझा जुना टूथब्रश. जाळीचं एक एक भोक ते साफ करत होते आणि मी टॉर्च धरून बसले होते. आतल्या पंख्याच्या पात्यावर साठलेली धूळ त्यांनी पाहिली आणि एखाद्या लेकराच्या नाकाला पदर लावावा तशी टिपून घेतली.  मशीन जोडून मी चालू केलं तेव्हा पंख्याचा आवाज आला. तो आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता आणि ऐकला नव्हता हेही मला कळलं नव्हतं.

रविवारी पहाटेच मी ड्रॉइंगला बसले. दहा वाजले, मी हात थांबवून वाट पाहिली. काही नाही. अकरा वाजले तरी पाइप म्हणेन तिथे जाऊन बसत होते. बाराच्या सुमारास शेवटचं पान पाठवलं आणि मिळाल्याचा चिरागभाईंचा निरोप आला, "मळी गयुं, बेन. सरस." मी उठून बाबांना सांगायला गेले. ते पडवीत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, पिशवी पायाशी.

"गेलं ड्रॉइंग, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. उठले मात्र नाहीत.

प्रदीपदादा जेवायच्या वेळी आले. सुक्या बोंबलांचं कालवण केलं होतं. दादा हात धुऊन पानावर बसले आणि पहिल्या घासालाच विचारलं, "कॉम्प्युटर चालू झाला म्हनं. काय झालं व्हतं त्याला?"

मी खोटं तयार ठेवलं होतं. मनीषने काहीतरी केलं, असं सांगून मोकळं व्हायचं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मी केलं व्हतं."

आणि सगळं सांगितलं. ग्रीस, गोणपाट, रबर, एक थर गाळला नाही. आपली बाजू घेतली नाही, वाऱ्याचं नाव काढलं नाही. दादा ऐकत होते, हातातला घास तसाच.

"बाबा, तेलाचं गोनपाट इजेच्या मशीनला?" ते हळू म्हणाले. "आग लागली असती घराला. बघ दीपा, म्हनून मी म्हनतो. आता ह्यांना इथं ठेवायला नको. तुझं काम वाचलं ते बरं झालं, पन तू कामात असतेस, तुझं लक्ष कुठं असनार."

दादा चुकीचं बोलत नव्हते, हीच अडचण होती. बाबांनी पान पुढे सारलं, उठले आणि पिशवी हातात घेतली.

माझं डोकं तिथे फिरलं. "दादा, आग लागली असती, खरं आहे. पण मी त्या डब्यापासून दोन हातांवर बसले होते, इतके दिवस, वास येत होता, आणि मी एकदाही मागे वाकून पाहिलं नाही. मग मलाही न्या सरावलीला. मशीन माझं आहे, सासरेही माझे आहेत. मी तक्रार केली असली तर बोला."

"तसं नाय ग..."

"आणि बाबा, तुमी बसा. नोकरीसाठी मी घरी नाही बसलेय, तुमच्यासाठी बसलेय, हे खरंय. पण आता तुमच्याशिवाय मला या घरात करमत नाही, हेही खरंच आहे. दिवसातून तीनदा मला कोण विचारणार, आज कशी हाय म्हणून? विपुल तर घोरत असतो."

हे मी कधी बोलले नव्हते. सासऱ्यांशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही, आणि माहेरी तर नाहीच नाही. बाबा पिशवी घेऊन तसेच उभे राहिले.

"चूक झाली की उतरवायचं," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. "बोटीवर असंच असतं."

"कितीजणांना उतरवलंत आजवर?"

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं चिडले. पण ते आठवत होते, खरोखर मनातल्या मनात एकेक माणूस आठवत होते. आठवता आठवता त्यांची पिशवी खाली आली.

"एकाला पन नाय," ते म्हणाले. "शिव्या घातल्या. उतरवला कोनाला नाय."

"मला तर तीनदा म्हनाले व्हते उतरवतो म्हनून," प्रदीपदादा पानावरूनच म्हणाले.  "एकदा तर मी डिझेलमध्ये पानी घातलं व्हतं. भर दर्यात बोट बंद. रात्री मला आपल्या ताटातला मासा वाढला ह्यांनी."

 मी बाबांच्या पानात भात वाढला आणि उभीच राहिले, ते बसेपर्यंत. ते बसले. प्रदीपदादांनी डाव्या हाताने पिशवी उचलली आणि उजवा हात न धुताच आतल्या खोलीत नेऊन ठेवली.